पंचवीस गावं, पण एकमेकांच्या घरी गेलेली

राजापूर तालुक्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याचा प्रश्न आहे. तो आणि त्याचे सोबती गेली तीन वर्षं सहा गावांत पाणी आणि बायकांचा रोजगार या दोन विषयांवर काम करताहेत. सहाही गावांत काम बरं चाललंय. आता त्यांना ते सगळ्या तालुक्यात आणि पुढे जिल्ह्यात न्यायचंय. त्यासाठी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला. गटात चारशेच्या वर माणसं आहेत, पण बैठकीला अकरा येतात. तो विचारतो, जाळं बांधायचं कसं? आणि समाज बदलेल इतकं ते मोठं होऊ शकतं का?

दापोली, मंडणगड, खेड या भागात मी सत्तावीस वर्षं हेच काम करते आहे. उत्तर थोडक्यात देता येणार नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी मी चुकून शिकले आणि त्या चुका सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

आधी त्या चारशे जणांचं बोलू. त्यातला प्रत्येक जण तुमच्याशी जोडलेला आहे. तो दुसऱ्या कुणाशी जोडलेला आहे का, हे बघा. तुमच्या सहा गावांपैकी कुठल्याही दोन गावांतल्या माणसांनी गेल्या महिन्यात तुम्हाला न सांगता एकमेकांना फोन केला का? लावणीला रोप कमी पडलं, पंप जळला, मुलीला परीक्षेसाठी एक रात्र राहायला घर हवं होतं, अशा कुठल्याही कारणाने? केला असेल तर तुमचं जाळं सुरू झालंय, मग बैठकीला अकरा येवोत की तीन. केला नसेल, तर चारशेचे चार हजार झाले तरी ती तुमच्या ओळखीच्या लोकांची यादीच राहील.

माझी अशी यादी अडतीस गावांची होती. एका संस्थेच्या पैशावर पाच वर्षं प्रकल्प चालला होता. जीप होती, दर महिन्याला तालुक्याच्या ठिकाणी मोठी बैठक व्हायची, जेवण असायचं, सगळ्या गावांची नावं फळ्यावर लिहिलेली असायची. मला वाटायचं, केवढं मोठं काम उभं राहिलंय. मार्चमध्ये प्रकल्प संपला. जूनमध्ये माझं ऑपरेशन झालं आणि चार महिने मी घरात होते. दिवाळीनंतर उठून बघते तो अडतीसातल्या चार गावांत काम शिल्लक होतं. बाकीच्या गावांनी भांडून सोडलं नव्हतं. कुणी बोलावलं नाही म्हणून कुणी आलं नाही, इतकंच. मंडणगडकडच्या एका वाडीतल्या आजीने तेव्हा मला जे सांगितलं ते मी विसरलेले नाही. ती म्हणाली, "ताई, तुमी आमाला सगल्या गावांची नावं सांगितलीत, पन त्यांच्या घरी कदी नेलं नाय."

त्यानंतर मी मोठ्या बैठका बंद केल्या. त्याऐवजी एका वाडीतल्या दोन बायकांनी दुसऱ्या गावी वस्तीला जायचं, असं सुरू केलं. संध्याकाळच्या एसटीने जायचं, ज्यांच्याकडे उतरायचं त्यांच्याबरोबर जेवायचं, सकाळी त्यांचा बंधारा किंवा त्यांची परसबाग बघायची आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. पुढच्या महिन्यात त्या गावातल्या दोघी इकडे. खर्च काय, तर तिकिटाचा. पहिल्या वर्षी यातून नऊच गावं जोडली गेली आणि माझ्याच सहकाऱ्यांना ते फार थोडं वाटलं. ती नऊ गावं आजही एकमेकांना धरून आहेत.

यातून एक गोष्ट कळली. जाळं आपण शून्यातून विणत नाही. गावोगावी धागे पडलेलेच असतात आणि त्यातला सगळ्यात बळकट धागा म्हणजे माहेर. एका वाडीतल्या बावीस बायकांना मी सहज विचारलं, माहेर कुठलं? लिहून काढलं तर सतरा गावं निघाली. दोन तालुक्यांतली सतरा गावं, जिथे त्या वाडीतल्या कुणाला तरी हक्काने चुलीपर्यंत जाता येत होतं! आणि मी पाच वर्षं जीप घेऊन अनोळखी सरपंचांची दारं वाजवत होते. पुढे वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यावरचा गोणींचा कच्चा बांध, गावोगावी गेला तो याच वाटेने. बाई गणपतीला माहेरी जायची, भावाला सांगायची, "आमच्या पऱ्यावर (ओढ्यावर) आम्ही गोणी लावल्या, विहिरीला मार्चपर्यंत पाणी राहिलं," आणि ऑक्टोबरात भावाचा फोन यायचा.

बंधाऱ्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण कुठला विषय घेऊन जाळं बांधायचं हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो, पण जांभा दगड पाणी धरत नाही. चार महिने पूर आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर, हे तुमच्या राजापुरातही आहेच. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ओढ्याची धार बारीक होता होता, सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरून आडव्या रचल्या तर पाणी तुंबतं, मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळतो. पैसा जवळजवळ लागत नाही, श्रम लागतात. पुढच्या पावसात तो वाहून जातो आणि पुन्हा बांधावा लागतो. लोक मला म्हणतात, दरवर्षी कशाला, एकदाच पक्का बांधून घेऊ. जिथे शक्य आहे तिथे जरूर घ्यावा. पण जाळ्याच्या दृष्टीने दरवर्षी बांधावा लागणं हेच त्याचं मोल आहे. ठेकेदाराने बांधलेल्या काँक्रीटच्या बंधाऱ्याकडे लोक पुन्हा फिरकत नाहीत. गोणींच्या बंधाऱ्यापायी वरची वाडी आणि खालची वाडी दरवर्षी एकदा तरी एकाच पाण्यात उभी राहते. लावणीची सावड जशी, आज तुझ्या शेतात आणि उद्या माझ्या, तशी देवघेव ज्या कामात आहे ते काम निवडा. नुसत्या जनजागृतीच्या विषयावर जाळं टिकत नाही, कारण त्यात माणसांना एकमेकांकडून घ्यायचं काही नसतं.

आता या माहेरच्या धाग्यातला मोठा दोष. माहेर जातीतच असतं. कुणबीवाडीचा धागा कुणबीवाडीला जातो, बौद्धवाडीचा बौद्धवाडीला, कोळीवाड्याचा कोळीवाड्याला, मोहल्ल्याचा मोहल्ल्याला. फक्त याच धाग्यांवर विसंबलात तर तुम्ही नकळत जातीचं संघटन बांधाल आणि त्याला गाव म्हणाल. माझी पहिली दोन वर्षं सगळ्या बैठका देवळाच्या सभामंडपात झाल्या. गावकी तिथेच बसते, म्हणून मलाही ते साहजिक वाटलं. बौद्धवाडीतली एकही बाई येत नव्हती आणि मी वहीत लिहीत होते, 'प्रतिसाद कमी'. ही माझी चूक होती आणि ती दोन वर्षं चालली. नंतर बैठक अंगणवाडीच्या पडवीत नेली, मग पाळीपाळीने प्रत्येक वाडीत. बौद्धवाडीत पहिल्यांदा बैठक झाली तेव्हा तीन घरच्या बायकांनी चहा घेतला नाही. पुढच्या वर्षी त्यातल्या दोघींनी घेतला. तिसरी अजून घेत नाही, पण बंधाऱ्यावर येते. तिला मी सोडलेलं नाही.

जातीबाहेरची गाठ आपोआप पडत नाही, ती कुणीतरी जाणूनबुजून मारावी लागते. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच कोकणात आहे. महाडचं चवदार तळं आपण २० मार्च १९२७ या सत्याग्रहाच्या तारखेने ओळखतो. कार्यकर्ती म्हणून मला त्या तारखेआधीच्या वर्षांनी जास्त शिकवलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरीही तळ्यावर जाणं शक्य झालं नव्हतं. ठरावाचा कागद होता. तो घेऊन एकत्र तळ्यावर जाणारी माणसं जमवायला तीन वर्षं लागली.

ती जमवण्यात रामचंद्र बाबाजी मोरे हा महाड परिसरातलाच तरुण पुढे होता. तेव्हा त्याचं वय अवघं चोवीसच्या आसपास. पण त्याच्या हाती आलेला धागा जुना होता. दापोली-महाड पट्ट्यात लष्करातून निवृत्त झालेले महार पेन्शनर राहत. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दापोलीत राहून त्यांनी लिखाण केलं, अर्ज केले, मंडळ उभं केलं. लिहिता-वाचता येणारी, पलटणीत एकत्र राहिलेली आणि पेन्शनमुळे खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, तोंडाकडे बघावं न लागणारी ही माणसं होती. तो शेवटचा मुद्दा मी तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगते. ज्याची भाकरी गावातल्या बलवानाच्या हातात नाही, तो आधी बोलू शकतो. तुमच्या गावांत अशी माणसं कोण, ते शोधा. निवृत्त शिक्षिका असेल, मुंबईहून परत आलेला गिरणी कामगार असेल, आशाताई असेल.

महाडच्या जाळ्यात दुसऱ्या बाजूच्या गाठीही होत्या. अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे, नगरपालिकेतले सुरेंद्रनाथ टिपणीस ही सवर्णांतली माणसं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर उभी राहिली. मार्चमधल्या परिषदेसाठी पिण्याचं पाणी सवर्णांकडून चाळीस रुपये देऊन घ्यावं लागलं होतं, अशा गावात उभी राहिली. त्याच वर्षी डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. आणि इतकं सगळं असूनही तळ्यावरच्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उठायला १९३७ उजाडलं. तुमच्या कामाला तीन वर्षं झाली आहेत. उशीर झाला असं मनात आणू नका.

इतकी वर्षं लोक टिकतात कशाच्या बळावर? याचं उत्तर मला चरीत मिळालं. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने २७ ऑक्टोबर १९३३ ला कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. संपात पंचवीस गावं होती आणि संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं भाताची शेतं पडीक! लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही.

ती गावं का फुटली नाहीत, यावर माझं स्वतःचं एक मत आहे. तो सगळा खारेपाट. खाडीकाठचं शेत बांधावर जगतं. बांध एका जागी फुटला की उधाणाचं खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं आणि जमीन मीठ धरते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेला दुसऱ्याच्या बांधावर धावून जायची सवय तिथे पिढ्यान् पिढ्यांची. दुसऱ्याच्या शेतातली फूट म्हणजे आपल्या घरातली उपासमार, हे त्यांना कुणी शिबिरात शिकवलेलं नव्हतं. संप पुकारण्याच्या कितीतरी आधी ती गावं बांधाने बांधलेली होती.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही चरीतच आहे. पंचवीस गावांनी समाज बदलतो का? त्या पंचवीस गावांचे बाहेर जाणारे धागे बघा. चरीच्या शेतकरी परिषदेला १९३४ साली डॉ. आंबेडकर आले. नारायण नागूंनी 'कृषीवल' वृत्तपत्र काढलं, म्हणजे खारेपाटातली बातमी बाहेर जाऊ लागली. खोती नष्ट करण्याचं विधेयक आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. शेवटी खोती संपवणारा कायदा १९४९ साली झाला आणि तो कोकणातल्या खोतीच्या गावांना लागू झाला. कोकणातली गावं हजारोंनी आहेत. सहा वर्षं संपावर राहिलेली पंचवीस होती.

म्हणून मी तुम्हाला सांगेन, सगळा तालुका घेऊ नका. वीस-पंचवीस गावं धरा, पण त्यांच्यातली प्रत्येक गाठ ओढून बघितलेली असू दे, आणि त्यांचा एकेक धागा बाहेर असू दे. एक सरकारी कचेरीत, एक वर्तमानपत्रात, एक वकिलाकडे, एक मुंबईत.

मुंबईचं वेगळं बोलायला हवं. कोकणातल्या गावाचं अर्धं गाव मुंबईत असतं आणि निर्णयाचा मोठा भाग तिथे होतो. सातबारा सामाईक, त्यावर पंधरा नावं, त्यातली दहा विरार-दिव्याला. त्यांच्या संमतीशिवाय तळं खणता येत नाही, विहिरीला जागा देता येत नाही. वाडीवाडीचं मुंबई मंडळ असतं, ते देवळाला आणि पालखीला पैसे पाठवतं. आम्ही बरीच वर्षं चाकरमान्यांना शिमग्यात आणि गणपतीत गाठायचो, आणि दरवेळी फसायचो. माणूस पाच दिवसांसाठी देवाला आलेला असतो, तेव्हा त्याच्यापुढे नकाशे पसरू नयेत. उलट करा. गावातल्या दोघी-तिघींनी मुंबईला जावं, मंडळाच्या रविवारच्या सभेत बसावं आणि स्वतःच्या तोंडाने सांगावं. आमच्या एका वाडीतल्या काकी पहिल्यांदा अशा सभेत बोलल्या, तेव्हा त्यांच्याच पुतण्याने उठून म्हटलं, "काकी, एप्रिलात तू पाणी किती लांबून आणतेस हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." त्या महिन्यात सह्या झाल्या.

वेळापत्रकाचंही तसंच. लावणीत बैठक नको, आंब्याच्या हंगामात नको, मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत मात्र कोळीवाड्यात जरूर जा, तेव्हा माणसं घरात भेटतात आणि जाळी दुरुस्त करता करता निवांत बोलतात.

पैशाबद्दल माझं मत कडक आहे. जाळ्याचा रोजचा खर्च, म्हणजे तिकीट, चहा, फोन, हा लोकांच्या वर्गणीतूनच निघाला पाहिजे, महिना दहा रुपये का असेना. मोठा निधी मिळाला तर तो कामाला लावा, पण माणसं एकमेकांना भेटण्याचा खर्च त्यातून करू नका. निधी थांबतो त्या दिवशी भेटणं थांबतं, हे मी अडतीस गावांत पाहिलंय. बचत गट यासाठी चांगला पाया आहे, कारण दहा-वीस बायकांना पैशाचा हिशेब एकमेकींसमोर मांडायची सवय असते. 'उमेद' या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानामुळे बचत गटांचे ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी रचनाही तयार आहे. पण ती रचना कर्जाच्या हप्त्यांपुरती राहू देऊ नका.

काम एका गावातून दुसऱ्या गावात जाताना रूप बदलतं, त्याला घाबरू नका. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी घरटी उकरून अंडी नेली जात, आता त्याच किनाऱ्यावर गावातलीच माणसं घरटी शोधतात, जपतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले. पुढे हे काम रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी किनाऱ्यांवर पसरलं, पण प्रत्येक किनाऱ्याची परिस्थिती वेगळी. एखाद्या ठिकाणी पर्यटक येतात, एखाद्या ठिकाणी रात्री फिरणारा एकटा माणूसच असतो. सगळीकडे एकच साचा बसवायला गेलात तर तो एकटा माणूस आधी सुटेल.

संकटाच्या वेळी जाळ्याची खरी परीक्षा होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, फोन बंद, रस्ते बंद. आमच्या भागातल्या बायकांनी भाकऱ्या भाजल्या आणि टेम्पो निघाला. कुठे जायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही, कारण दोघींची माहेरं त्या बाजूची होती आणि आत कुठल्या वाटेने शिरायचं ते त्यांना ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात महाराष्ट्रभरातून मदतीचे ट्रक आले, मनापासून आले. पण कपड्यांचे ढीग रस्त्यावर भिजत पडले आणि चिखल काढायला फावडी, झाडू, बादल्या नव्हत्या. आतल्या घरातली गरज बाहेर सांगणारं माणूस जिथे होतं तिथे फावडी पोचली. डिसेंबरात चिपळूणकरांनी नदीतला गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केलं आणि पुढच्या वर्षी गाळ निघायला लागला. पुरात एकमेकांचा चिखल काढलेली माणसंच त्या मांडवात बसलेली मी पाहिली.

मागणी मान्य झाली तरी जाळं सोडता येत नाही. मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या पारंपरिक मच्छीमारांनी, किनाऱ्यावरून रापण, म्हणजे लांब जाळं, ओढणाऱ्यांनी, वर्षानुवर्षं दाद मागितली. डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीन मासेमारीवर, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढून पकडण्यावर, निर्बंध घालणारा आदेश निघाला. त्यानंतरही समुद्रावर नजर त्यांनाच ठेवावी लागते आहे.

आता तुमच्याबद्दल. सहा गावांत तुमचं नाव आहे, लोक तुम्हाला फोन करतात, याचा आनंद वाटत असणार. मलाही वाटायचा. यापुढे कुणी काही विचारायला फोन केला आणि उत्तर दुसऱ्या गावात कुणाकडे आहे हे तुम्हाला माहीत असलं, तर उत्तर देऊ नका, त्या माणसाचा नंबर द्या. सुरुवातीला लोकांना राग येतो, आपल्याला टाळतात असं वाटतं. येऊ द्या. वर्षभरात तुमचा फोन कमी वाजायला लागेल आणि ते दिवस कार्यकर्त्याला जड जातात, हेही सांगून ठेवते. त्या दिवसांत मी पुन्हा पुस्तकं वाचायला लागले.

आणि या आठवड्यात एवढंच करा. सहा गावांतल्या बायकांची माहेरं एका वहीत लिहा. त्याच वहीत प्रत्येक गावातल्या ज्या वाड्यांतून आजवर कुणीच आलं नाही त्या वाड्यांची नावं वेगळ्या पानावर लिहा. पहिल्या पानावरून एक गाव निवडा आणि दुसऱ्या पानावरच्या वाडीतली एक बाई आणि तुमच्या नेहमीच्या वाडीतली एक बाई, अशी जोडी वस्तीला पाठवा. तुम्ही बरोबर जाऊ नका. तिकिटाचे पैसे द्या, वस्तीच्या गाडीची वेळ सांगा आणि घरी थांबा. दुसऱ्या दिवशी दोघी परत आल्या की बंधाऱ्याचं नंतर विचारा. आधी विचारा, रात्री काय जेवलात, आणि एका पंगतीला बसलात का.